ही डिस्क फाइल कोणत्या व्हीएमची?

सर्व्हरवरची जागा संपत आली की कुणीतरी तो एक फोल्डर उघडतं. आत मोठमोठ्या फाइलींची रांग असते. एकीचं नाव ‘टॅली न्यू’, दुसरीचं ‘टॅली न्यू कॉपी’, तिसरीचं ‘टेस्ट’, आणि बाकीच्यांची नावं म्हणजे नुसती लांबलचक अक्षरं-आकडे. यातली कोणती फाइल कोणत्या व्हर्च्युअल मशीनची (व्हीएमची) आणि कोणती उडवली तर चालेल, हे वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणारे बहुतेक लहान ठिकाणी काम करणारे असतात: कारखान्याचा हिशेब विभाग, पतसंस्था, सीएचं ऑफिस, महाविद्यालयाची प्रयोगशाळा. सर्व्हर कुणीतरी लावून दिलेला असतो आणि तो माणूस आता तिथे नसतो.

उत्तर सापडतं, पण क्रम पाळावा लागतो. आधी फाइल कोणाची हे सिद्ध करा, काढायची की ठेवायची ते नंतर ठरवा. ‘कुणाची दिसत नाही’ आणि ‘कुणाचीच नाही’ यांत मोठा फरक आहे, आणि बहुतेक वेळा डेटा जातो तो हा फरक न पाहिल्यामुळे.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत करा.

फाइलचं नाव हा पुरावा नाही

व्हीएम साधारणपणे दोन भागांत साठवलेली असते. एक छोटी कॉन्फिगरेशन फाइल, जिच्यात मेमरी किती, सीपीयू किती, डिस्क कोणती हे लिहिलेलं असतं. आणि दुसरी डिस्क फाइल, जिच्यात तुमचा खरा डेटा असतो. कोणती डिस्क कोणत्या व्हीएमची, हे नातं कॉन्फिगरेशनमध्ये नोंदलेलं असतं. डिस्क फाइलचं नाव म्हणजे घरावरची पाटी. मालक पाहायचा तर सातबारा काढावा लागतो, आणि इथे सातबारा म्हणजे ती कॉन्फिगरेशन.

यातून एक दिलासाही मिळतो. कॉन्फिगरेशन हरवली तरी नवी व्हीएम बनवून तिला जुनी डिस्क जोडता येते. फक्त जुनी व्हीएम बायोसवर होती की यूईएफआयवर ते जुळलं पाहिजे, नाहीतर ती सुरू होत नाही. डिस्क गेली तर मात्र हातात काही उरत नाही.

नावाइतकीच फसवी असते तारीख, आणि आकारही. त्याबद्दल पुढे सांगतो.

कामाला लागण्याआधी

- आज काहीही डिलीट करायचं नाही, असं ठरवूनच बसा. जागेची फारच निकड असेल तर आधी आयएसओ फाइली आणि जुने इन्स्टॉलर हलवा.
- शेवटचा बॅकअप कधी झाला आणि त्यातून एखादी फाइल खरोखर परत मिळते का, ते करून पाहा.
- त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची यादी काढा: पूर्ण मार्ग, आकार, बदलाची तारीख. एक्सेलमध्ये पुढे तीन रिकामे रकाने ठेवा: कोणती व्हीएम, पुरावा काय, कोणी तपासलं.
- बंद असलेल्या व्हीएमसुद्धा यादीत घ्या. वर्षातून एकदाच, ऑडिटच्या वेळी सुरू होणारी व्हीएम बऱ्याच ठिकाणी असते, आणि नेमकी तीच नजरेतून सुटते.

कोणत्या प्रणालीत कुठे पाहायचं

*व्हर्च्युअलबॉक्स.* ‘व्हर्च्युअल मीडिया मॅनेजर’ उघडा. एखाद्या डिस्कवर क्लिक केलं की ती कोणत्या व्हीएमला जोडली आहे ते खाली दिसतं. हेच आज्ञेने पाहायचं तर ‘व्हीबॉक्समॅनेज लिस्ट एचडीडीज’. ही यादी प्रत्येक युजर अकाउंटची वेगळी असते. व्हीएम दुसऱ्या लॉगिनमधून बनवली असेल तर तुमच्या यादीत तिचं नावही येणार नाही. तेव्हा त्या संगणकावरच्या प्रत्येक लॉगिनमधून पाहा, नाहीतर डॉट-व्हीबॉक्स फाइली शोधून वाचा. त्या साध्या मजकुराच्या असतात आणि डिस्कचा मार्ग व ओळख क्रमांक दोन्ही त्यांत मिळतात.

*व्हीएमवेअर.* प्रत्येक व्हीएमच्या फोल्डरमध्ये डॉट-व्हीएमएक्स फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘फाइलनेम’ असलेल्या ओळी वाचा. मोठी व्हीएमडीके, म्हणजे डिस्कची, फाइल मात्र नोटपॅडमध्ये उघडू नका. ईएसएक्सआयवर एका डिस्कच्या दोन फाइली असतात: एक लहान, वर्णनाची, आणि दुसरी ‘फ्लॅट’ शब्द असलेली, डेटाची. लहान फाइल कचरा समजून काढली की डिस्क जोडताच येत नाही. व्हीस्फिअरमध्ये व्हीएमचं नाव बदललं तरी फोल्डर आणि फाइलींवर जुनंच नाव राहतं. म्हणजे ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये आज तुमचा मुख्य ईआरपी चालू असू शकतो.

*हायपर-व्ही.* पॉवरशेलमध्ये ‘गेट-व्हीएम’ची यादी ‘गेट-व्हीएमहार्डडिस्कड्राइव्ह’ला दिली की व्हीएमचं नाव आणि डिस्कचा मार्ग समोरासमोर येतात. सर्व्हर २०१६ पासून इथली कॉन्फिगरेशन फाइल बायनरी झाली आहे, ती उघडून वाचता येत नाही. त्यामुळे सगळ्यांची यादी एकदम काढायची तर पॉवरशेलच सोपं पडतं.

*केव्हीएम आणि लिबव्हर्ट.* आधी ‘व्हर्श लिस्ट’ला ‘ऑल’ जोडून सगळ्या व्हीएम पाहा. ‘ऑल’ विसरलात तर फक्त चालू असलेल्याच दिसतात. मग प्रत्येकीसाठी ‘व्हर्श डॉमब्लकलिस्ट’. इथेही दोन वेगळी विश्वं आहेत: पूर्ण सिस्टिमचं आणि एकट्या युजरचं. साध्या युजरने आज्ञा दिली की यादी रिकामी येऊ शकते आणि सगळ्याच डिस्क बेवारस वाटू लागतात. रूट म्हणून आणि प्रत्येक युजर म्हणून, दोन्हीकडून पाहा.

*प्रॉक्समॉक्स.* इथे नावातच व्हीएमचा क्रमांक असतो: ‘व्हीएम-१०५-डिस्क-०’ म्हणजे १०५ क्रमांकाच्या व्हीएमची. सोयीचं आहे, म्हणूनच इथे जास्त सावध राहा. जुनी १०५ काढली पण तिची डिस्क राहून गेली, आणि पुढे नव्या व्हीएमला १०५ हाच क्रमांक मिळाला, तर ‘क्यूएम रीस्कॅन’ केल्यावर जुनी डिस्क नव्या व्हीएमखाली ‘अनयूज्ड’ म्हणून दिसते. तो डेटा भलत्याच विभागाचा असू शकतो. दोन वेगळे क्लस्टर एकच सामायिक स्टोरेज वापरत असतील तर धोका आणखी मोठा, कारण दोन्हीकडे १०५ असू शकते. कंटेनरच्या डिस्कही याच पद्धतीच्या नावाने असतात. म्हणून व्हीएमबरोबर कंटेनरच्या कॉन्फिगरेशनही तपासा.

*झेनसर्व्हर.* डिस्क फाइलचं नाव म्हणजेच तिचा ओळख क्रमांक. ‘एक्सई व्हीबीडी-लिस्ट’ला तो क्रमांक दिला की व्हीएम कळते. ‘बेस कॉपी’ नावाच्या नोंदी कोणत्याही व्हीएमला थेट जोडलेल्या नसतात, पण त्यांना हात लावू नका. कारण पुढच्याच भागात.

स्नॅपशॉटची साखळी: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

स्नॅपशॉट घेतला, हायपर-व्हीच्या भाषेत चेकपॉइंट, की बहुतेक प्रणालींत मूळ डिस्क फाइल तिथेच गोठते. त्यानंतरचं सगळं लेखन एका नव्या फाइलमध्ये होतं. नव्या फाइलमध्ये फक्त फरक असतो. मूळ फाइलीशिवाय तिला काही अर्थ नाही. आणखी एक स्नॅपशॉट घेतला की तिसरी कडी येते.

आता फोल्डरमध्ये काय दिसेल ते डोळ्यांसमोर आणा. मूळ फाइल मोठी आहे आणि तिच्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. शेजारी विचित्र नावाची, आजच्या तारखेची लहान फाइल आहे. कॉन्फिगरेशनमध्ये नाव त्या लहान फाइलचं आहे, मूळ फाइलचा उल्लेख नाही. तीन-तीन खुणा ‘ही जुनी फाइल बिनकामाची’ म्हणून सांगतात आणि तिन्ही चुकीच्या असतात. ती उडवली की व्हीएमचा सगळा डेटा जातो.

म्हणून व्हीएमच्या यादीतून मिळालेल्या प्रत्येक डिस्कची साखळी मुळापर्यंत शोधा:

- हायपर-व्ही: एव्हीएचडीएक्स फाइलवर ‘गेट-व्हीएचडी’ चालवा आणि ‘पेरेंटपाथ’ वाचा. तिथे आलेल्या फाइलवर पुन्हा तेच, ‘पेरेंटपाथ’ रिकामा येईपर्यंत.
- केव्हीएम: ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो’ला ‘बॅकिंग-चेन’ जोडलं की पूर्ण साखळी एकदम मिळते. चालू व्हीएमच्या डिस्कवर ही आज्ञा लॉकची तक्रार करेल. मोठ्या लिपीतला ‘यू’ हा पर्याय जोडा. आणि तक्रार आली याचाच अर्थ ती फाइल या क्षणी कुणीतरी वापरतंय.
- व्हीएमवेअर: वर्णनाच्या फाइलमध्ये ‘पेरेंटफाइलनेमहिंट’ ही ओळ पाहा. सोबत ‘सीआयडी’ आणि ‘पेरेंटसीआयडी’ असे दोन क्रमांक असतात. पोटच्या फाइलीचा ‘पेरेंटसीआयडी’ वरच्या फाइलीच्या ‘सीआयडी’शी जुळला पाहिजे. ‘पेरेंटसीआयडी’मध्ये ‘एफ’ हे अक्षर आठ वेळा असेल तर ती मूळ फाइल.
- व्हर्च्युअलबॉक्स: डिस्कच्या यादीत ‘पेरेंट यूयूआयडी’ दिसतो, त्या क्रमांकावरून वरची डिस्क शोधा.

साखळीला फांद्याही फुटतात. जुन्या स्नॅपशॉटवर परत जाऊन काम सुरू केलं असेल तर सध्याच्या वाटेवर नसलेली, पण स्नॅपशॉटच्या झाडात असलेली फाइल उरते. लिंक्ड क्लोनचंही तसंच: एका टेम्प्लेटच्या डिस्कवर दहा व्हीएम उभ्या असू शकतात आणि टेम्प्लेट स्वतः कधीच सुरू होत नाही. महाविद्यालयांच्या लॅबमध्ये हे हमखास आढळतं.

एक नियम कसोशीने पाळा. साखळीतली वरची फाइल चुकूनही लिहिता येईल अशा रीतीने जोडू किंवा सुरू करू नका. तिच्यात थोडा जरी बदल झाला तरी तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या फाइली बिघडू शकतात. साखळी लहान करायची असेल तर ते काम त्या-त्या प्रणालीच्या ‘स्नॅपशॉट डिलीट’ किंवा ‘मर्ज’ या सोयीनेच करा. फाइल हाताने काढून ते होत नाही.

यादीत न सापडलेल्या फाइली खरंच बेवारस आहेत का?

इथवर आलात की यादीत काही रकाने रिकामे राहतील. त्यांना बेवारस म्हणण्याआधी ही नेहमीची कारणं तपासा:

- विंडोजवरच्या डब्ल्यूएसएल आणि डॉकर डेस्कटॉपच्या डिस्क व्हीएचडीएक्सच असतात, पण त्या हायपर-व्हीच्या यादीत सहसा दिसत नाहीत. डेव्हलपरचं सगळं काम त्यांत असू शकतं.
- रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर प्रत्येक कर्मचाऱ्याचं प्रोफाइल एका व्हीएचडीएक्समध्ये ठेवलेलं असू शकतं. नावात ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांब क्रमांक दिसला तर ती डिस्क एखाद्या माणसाची आहे, कुठल्या व्हीएमची नव्हे.
- ‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डरमधल्या व्हीएचडीएक्स फाइली म्हणजे तुमचा बॅकअप.
- व्हीस्फिअरमध्ये ‘एफसीडी’ फोल्डरमधल्या डिस्क कुबरनेटीससाठी असू शकतात. त्या कोणत्याही व्हीएमला न जोडताही वैध असतात.
- डेटास्टोअर सामायिक असेल तर ती डिस्क दुसऱ्या होस्टवरची व्हीएम वापरत असू शकते. तुमच्या होस्टला त्याची खबर नसेल.
- व्हीएम यादीतून काढली, पण फाइली मुद्दाम ठेवल्या, असंही होतं. जवळपास कॉन्फिगरेशन फाइल आहे का पाहा.

फाइल वापरात आहे का हे लिनक्सवर ‘एलएसओएफ’ने कळतं. पण ‘आत्ता कुणी उघडलेली नाही’ यावरून फार तर एवढंच म्हणता येतं की ती व्हीएम आत्ता बंद आहे.

फाइलच्या आत डोकावून ओळख पटवा

कॉन्फिगरेशनच उरलेली नसेल तर डिस्कच आपली ओळख सांगते. शक्य असेल तर प्रत काढून प्रतीवर काम करा. नसेल तर फक्त वाचण्यापुरती, म्हणजे रीड-ओन्ली जोडा.

विंडोजवर ‘माउंट-व्हीएचडी’ला ‘रीडओन्ली’ हा पर्याय आहे आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यासाठीची चौकट टिक करता येते. साखळी नसलेल्या डिस्क सेव्हन-झिपमध्येही उघडतात. लिनक्सवर लिबगेस्टएफएसची साधनं उत्तम: ‘व्हर्ट-इन्स्पेक्टर’ ऑपरेटिंग सिस्टिम आणि होस्टनेम दोन्ही सांगतो, ‘व्हर्ट-कॅट’ने एखादी फाइल वाचता येते.

आत गेल्यावर काय पाहायचं? लिनक्समध्ये ‘ईटीसी’तली ‘होस्टनेम’ फाइल आणि ‘व्हार लॉग’मधल्या शेवटच्या तारखा. विंडोजमध्ये ‘यूजर्स’ फोल्डरमधली माणसांची नावं आणि इव्हेंट लॉगच्या फाइलींच्या तारखा. ही व्हीएम शेवटची कधी चालली ते या तारखांवरून कळतं, बाहेरच्या तारखेपेक्षा जास्त विश्वासाने.

नुसत्या डेटाच्या डिस्कवर होस्टनेम नसतो. तिथे एक युक्ती फार उपयोगी पडते. त्या डिस्कवरच्या फाइलसिस्टिमचा यूयूआयडी ‘बीएलकेआयडी’ने काढा आणि तो प्रत्येक लिनक्स व्हीएमच्या ‘एफएसटॅब’मध्ये शोधा. सापडला, तर ती डिस्क त्या व्हीएमसाठीच तयार झाली होती याचा हा बळकट पुरावा. क्लोन केलेल्या डिस्कमध्ये हाच क्रमांक जसाच्या तसा येतो, तेवढं ध्यानात असू द्या.

आकार जुळवताना फाइलचा आकार धरू नका. गरजेप्रमाणे वाढणारी डिस्क आत १२० जीबी दाखवत असली तरी बाहेर ४० जीबीची असू शकते. जुळवायचा तो ‘व्हर्च्युअल साइज’. आणि डिस्कवर बिटलॉकर किंवा लक्सचं एन्क्रिप्शन असेल तर आत काही दिसणार नाही. किल्ली कुणाकडे आहे ते शोधा आणि तोवर ती फाइल तशीच राहू द्या.

काढायची वेळ आली तर

खात्री झाल्यावरही सरळ डिलीट करू नका. फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा स्वस्त बाहेरच्या डिस्कवर हलवा, सोबत तिचा मूळ मार्ग आणि तारीख लिहिलेली टिपणफाइल ठेवा. एक महिनाअखेर, शक्यतो एक तिमाही जाऊ द्या. लिनक्सवर चालू व्हीएमच्या डिस्कचं नाव त्याच विभाजनात बदललं तरी व्हीएम चालतच राहते आणि पुढच्या वेळी सुरू करताना अडते. म्हणून ‘नाव बदलून आठवडा झाला, कुणाची तक्रार नाही’ याला पुरावा मानू नका. प्रत्येक व्हीएम एकदा पूर्ण बंद करून सुरू झाली पाहिजे.

हिशेबाच्या जुन्या व्हीएमचा निर्णय एकट्या संगणक विभागाने घेऊ नये. कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षांची ठेवावी लागतात. जीएसटी कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. उलट बाजूने, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की ज्या कामासाठी वैयक्तिक माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्यासाठी ती लागत नसेल, तर ती पुसावी. सभासदांची कागदपत्रं असलेली पाच वर्षांपूर्वीची ‘टेस्ट’ डिस्क पडून राहणं हीसुद्धा जोखीम आहे. आपल्या सीएला यादी दाखवा आणि निर्णय लेखी घ्या.

चुकून उडवलीच तर

केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्सवर चालू व्हीएमची डिस्क फाइल डिलीट झाली असेल तर ती व्हीएम बंद करू नका, सर्व्हरही रीस्टार्ट करू नका. जोपर्यंत ती प्रक्रिया चालू आहे तोपर्यंत फाइलचा डेटा डिस्कवर शाबूत असतो. ‘एलएसओएफ +एल१’ने डिलीट झालेली पण उघडी फाइल सापडते. व्हीएम ‘सस्पेंड’ करून थांबवा आणि ‘प्रॉक’मधल्या त्या प्रक्रियेच्या ‘एफडी’ फोल्डरमधून फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. घाबरून केलेला एक रीस्टार्ट ही संधी घालवतो.

व्हीएमवेअरची फक्त वर्णनाची फाइल गेली असेल तर ती नव्याने बनवता येते. ‘फ्लॅट’ फाइलला हात न लावता जाणकाराला बोलवा. बाकी प्रसंगी त्या डिस्कवर नवीन काहीही लिहिणं ताबडतोब थांबवा.

सर्व्हर लावून देणाऱ्याकडून काय मागायचं

डेटा तुमचा आहे. त्याचा नकाशा मागण्यात संकोच नको. वार्षिक देखभालीच्या करारात या गोष्टी लिहून घ्या, आणि करार संपताना शेवटचं बिल चुकवण्याआधी हाती घ्या:

- होस्टचे सगळे ॲडमिन पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या.
- प्रत्येक व्हीएम, तिच्या डिस्क फाइलींचे पूर्ण मार्ग आणि ती कोणत्या कामाची, याची तारीख घातलेली यादी.
- कॉन्फिगरेशन फाइलींची सर्व्हरबाहेर ठेवलेली प्रत. या फाइली काही केबींच्या असतात, त्यामुळे ‘जागा नाही’ ही सबब इथे चालत नाही.
- कोणत्या व्हीएमचे स्नॅपशॉट शिल्लक आहेत आणि ते का ठेवलेत.

नवीन डिस्क बनवताना नावात व्हीएमचं नाव, काम आणि वर्ष घाला. एकाच मापाच्या पाच डिस्क बनवण्याऐवजी १०१, १०२, १०३ जीबी अशी मापं दिलीत तर आतून आणि बाहेरून जुळवणं सोपं जातं. प्रॉक्समॉक्स आणि लिबव्हर्टमध्ये डिस्कला स्वतःचा सिरियल क्रमांक देता येतो, तोही वापरा. यादीची एक छापील प्रत सर्व्हरच्या कपाटात ठेवा, कारण ती लागेल तेव्हा सर्व्हर बंद पडलेला असण्याचीच शक्यता जास्त.